जग संपल्यानंतरच्या लघुकथा कशा वाचाव्यात: नव्या वाचकासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

जगाचा शेवट होऊन गेल्यानंतरच्या आयुष्यावर लिहिलेली लघुकथा पहिल्यांदा हातात घेणारा वाचक बहुधा एकाच ठिकाणी अडखळतो. कथा सुरू होते तेव्हा सर्व काही घडून गेलेले असते, कोणी कोणाला काही समजावून सांगत नाही आणि कथा संपते तेव्हा ‘पण नेमके झाले काय?’ हा प्रश्न जसाच्या तसा उरतो. अशा दोन-तीन कथा वाचून अनेक जण हा प्रकार आपल्यासाठी नाही असे ठरवून टाकतात. मी या कथा बरीच वर्षे आवडीने वाचत आलो आहे, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की अडचण कथेत नसून तिला विचारलेल्या प्रश्नात असते. कादंबरीला संकटाची सुरुवात, मध्य आणि शेवट सांगण्याइतकी जागा असते. लघुकथेला ती नसते, म्हणून ती संकट जवळजवळ वगळते आणि मागे उरलेल्या वस्तू, सवयी आणि माणसे तेवढी आपल्यासमोर ठेवते. त्यामुळे ‘काय झाले’ यापेक्षा ‘काय उरले’ हे शोधत वाचायला शिकणे, हीच खरी तयारी. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. उदाहरणांसाठी काही प्रसिद्ध कथांमधील तपशील सांगावे लागले आहेत, मात्र ज्या कथांची गंमत शेवटावर अवलंबून आहे त्यांचा शेवट मी कोठेही उघड केलेला नाही.

१. कथा अंताची आहे की अंतानंतरची, हे आधी ओळखा

हे दोन प्रकार एकाच संग्रहात शेजारी शेजारी छापलेले असतात आणि नवा वाचक दोन्हींकडून सारखीच अपेक्षा ठेवतो. एच. जी. वेल्स यांची १८९७ सालची ‘द स्टार’ ही कथा घ्या. एक परका तारा सूर्यमालेत शिरतो, पृथ्वीच्या दिशेने येतो आणि त्याबरोबर भूकंप, पूर, वितळणारे बर्फ हे सारे येते. ही येणाऱ्या संकटाची कथा आहे आणि तिचा ताण ‘आता पुढे काय होणार’ यात आहे. मराठीत जयंत नारळीकरांची ‘हिमप्रलय’ ही कथाही हिमयुगाच्या संकटाला तोंड देण्याची कथा आहे. अशा कथा वाचताना घटनांचा पाठलाग करणे योग्यच आहे.

अंतानंतरच्या कथेत पाठलाग करण्यासारखी मोठी घटना मागेच राहून गेलेली असते. हा फरक समजण्यासाठी महाभारतातील मौसलपर्व आठवून पाहावे. यादवांचा संहार होऊन गेला आहे, श्रीकृष्ण गेले आहेत, द्वारका समुद्रात बुडते आहे आणि अर्जुन उरलेल्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना घेऊन निघाला आहे. वाटेत आभीर टोळीचे लुटारू हल्ला करतात, तेव्हा गांडीवाला प्रत्यंचा चढवणेही त्याला जड जाते, अस्त्रे आठवत नाहीत आणि भाते रिकामे होतात. ज्या जगात ते धनुष्य चालत होते ते जगच उरलेले नाही, आणि हे अर्जुनाला तोपर्यंत माहीत नव्हते. अंतानंतरच्या चांगल्या लघुकथेचे बीज जवळजवळ नेहमी अशाच एखाद्या क्षणात असते. म्हणून कथा हाती घेतली की पहिल्या दोन पानांतच स्वतःला विचारावे: संकट अजून यायचे आहे, चालू आहे, की होऊन गेले आहे? होऊन गेले असेल तर पुढील पायऱ्या उपयोगी पडतील.

२. जवळ काय ठेवावे

साहित्य फारसे लागत नाही, पण जे लागते ते खरोखर लागते.

– कथेचा पूर्ण, असंक्षिप्त मजकूर. सारांश, चित्रफितीतील निवेदन किंवा ‘पाच मिनिटांत कथा’ या प्रकारची रूपांतरे पहिल्या वाचनासाठी वापरू नयेत. या कथांचे सारे सामर्थ्य सारांशात न मावणाऱ्या तपशिलांत असते.
– कथा प्रथम प्रसिद्ध झाल्याचे साल. संग्रहाचे साल नव्हे, मूळ नियतकालिकातील साल. संग्रहांच्या मागील पानांवर हे बहुधा दिलेले असते.
– एक वही आणि पेन्सिल. वहीच्या पानावर तीन स्तंभ आखून ठेवावेत. त्यांचा उपयोग पाचव्या पायरीत सांगितला आहे.
– कथा खऱ्या शहरात घडत असेल तर त्या शहराचा साधा नकाशा.
– एका बैठकीत कथा पूर्ण होईल इतका वेळ. अर्धी कथा वाचून दुसऱ्या दिवशी पुढे नेली तर निवेदनाचा सूर हरवतो आणि तो पुन्हा लवकर सापडत नाही.

जुन्या कथांपैकी बऱ्याच कथा मोफत आणि कायदेशीरपणे मिळू शकतात. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर एडगर ॲलन पो, जॅक लंडन, डू बॉइस यांचे लेखन आणि फ्रिट्झ लायबर यांची पुढे उल्लेखलेली कथाही उपलब्ध आहे. स्वामित्वहक्काची मुदत प्रत्येक देशात वेगळी असते, तेव्हा उतरवून घेण्यापूर्वी आपल्या देशातील नियम पाहून घ्यावा. पुढील पायरीत येणाऱ्या ब्रॅडबरी, बटलर आणि एलिसन यांच्या कथांसाठी मात्र छापील संग्रह किंवा ग्रंथालय हाच सरळ मार्ग आहे.

३. कोणत्या क्रमाने वाचावे

काळाच्या क्रमाने सुरुवात करू नये. पो यांची ‘द कॉन्व्हर्सेशन ऑफ आयरॉस अँड कार्मिऑन’ ही १८३९ सालची कथा या प्रकारातील फार जुनी कथा आहे. धूमकेतूने पृथ्वी नष्ट झाल्यानंतर दोन आत्मे त्याविषयी बोलतात अशी तिची रचना आहे. कल्पना विलक्षण आहे, पण भाषा जड आहे आणि पहिलीच कथा म्हणून ती हाती आली तर वाचक पुस्तक मिटवून ठेवण्याची शक्यता अधिक. मी नव्या वाचकाला पुढील क्रम सुचवतो.

पहिली, रे ब्रॅडबरी यांची ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ (१९५०). लहान आहे, सोपी आहे आणि वाचण्याची पद्धत ती स्वतःच शिकवते. दुसरी, फ्रिट्झ लायबर यांची ‘अ पेल ऑफ एअर’ (१९५१), कारण तिचा निवेदक एक मुलगा आहे आणि त्याच्या बोलण्यात ऊब आहे. तिसरी, स्टीव्हन व्हिन्सेंट बेने यांची ‘बाय द वॉटर्स ऑफ बॅबिलॉन’ (१९३७). त्यानंतर डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांची ‘द कॉमेट’ (१९२०) आणि ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘स्पीच साउंड्स’ (१९८३) या दोन कथा लागोपाठ वाचाव्यात. का, ते सातव्या पायरीत येईल. ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ (१९०९) आणि जॅक लंडन यांची ‘द स्कार्लेट प्लेग’ (१९१२) या लांबीने मोठ्या आहेत, त्या नंतर घ्याव्यात. हार्लन एलिसन यांची ‘आय हॅव नो माऊथ, अँड आय मस्ट स्क्रीम’ (१९६७) ही सर्वांत शेवटी. तिच्यातील क्रौर्य इतके उघडे आहे की आधीच्या कथांनी कान तयार झालेले नसतील तर क्रौर्याशिवाय दुसरे काही ऐकू येत नाही.

४. प्रत्येक कथेसाठी तीन साले लिहून काढा

कथा लिहिली गेली ते साल, कथेतील जग संपले ते साल, आणि कथा घडते आहे ते साल. जॅक लंडन यांच्या कथेत ही तिन्ही स्वच्छ दिसतात: प्रकाशन १९१२, साथीचे वर्ष २०१३ आणि कथेचा वर्तमान २०७३. म्हणजे लेखकाने शंभर वर्षे पुढचे संकट कल्पिले आणि ते पाहिलेल्या माणसाला साठ वर्षांनी म्हातारा करून आपल्यासमोर बसवले. हे तीन आकडे वहीत लिहिले की लगेच कळते, की या म्हाताऱ्याखेरीज जुने जग आठवणारे आता जवळपास कोणी उरलेले नाही आणि तो ज्यांना गोष्ट सांगतो आहे त्या नातवंडांनी ते कधी पाहिलेलेच नाही. ताण तेथे आहे.

बऱ्याच कथांत दुसरे साल दिलेलेच नसते. ती जागा मोकळी सोडावी आणि अंदाजाने भरू नये, कारण मोकळी जागा हीदेखील नोंदच आहे.

पहिल्या सालाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. बेने यांची कथा वाचणारे अनेक जण तिला अणुयुद्धानंतरची कथा समजतात. आकाशातून कोसळलेली आग, विषारी झालेली जमीन, ओसाड महानगर हे वर्णन वाचताना तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कथा जुलै १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे पहिल्या अणुस्फोटाच्या आठ वर्षे आधी. लेखकासमोर होती ती त्याच वर्षी २६ एप्रिलला स्पेनमधील गेर्निका गावावर विमानांतून झालेली बॉम्बफेक. हे कळल्यावर कथेतील भीती कमी होत नाही, उलट अधिक नेमकी होते: शहरावर आकाशातून मृत्यू पाडता येतो, ही गोष्ट तेव्हा नवी होती. ब्रॅडबरी यांच्या कथेचे साल १९५०. सोव्हिएत संघाने पहिली अणुचाचणी केली ती ऑगस्ट १९४९ मध्ये. वाचकाच्या मनात तेव्हा काय चालले असेल, हे वेगळे सांगायला नको.

येथे आवृत्तीविषयी एक सूचना. ब्रॅडबरी यांची कथा बहुतेक प्रतींत ४ ऑगस्ट २०२६ या दिवशी घडते. ज्या ‘द मार्शियन क्रॉनिकल्स’ या पुस्तकात ती समाविष्ट आहे, त्याच्या १९९७ च्या आवृत्तीत सर्व तारखा एकतीस वर्षांनी पुढे ढकलल्या गेल्या, त्यामुळे काही प्रतींत हेच साल २०५७ असे छापलेले आढळते. दोन प्रतींत वेगळे साल दिसले तर गोंधळून जाऊ नये.

५. पहिले वाचन: काय चालू आहे, काय बंद आहे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे तिच्यावर थोडा अधिक वेळ घालवू. वहीतील तीन स्तंभांना अशी नावे द्या: ‘अजून चालू आहे’, ‘बंद पडले आहे’, ‘चालू आहे पण अर्थ उरलेला नाही’. वाचताना प्रत्येक वस्तू, सवय आणि शब्द यांपैकी एका स्तंभात टाकत जावे. सुरुवातीला हे यांत्रिक वाटेल. दोन-तीन कथांनंतर स्तंभ आखण्याचीही गरज पडत नाही.

ब्रॅडबरी यांच्या कथेवर हे करून पाहू. एक स्वयंचलित घर सकाळी सात वाजता घरातील माणसांना उठवते. ओट्यावरील शेगडी न्याहारी बाहेर काढते: पावाचे आठ भाजलेले तुकडे, आठ अंडी, बेकनच्या सोळा चकत्या, दोन कॉफी आणि दोन पेले थंड दूध. नवा वाचक ही ओळ सजावट समजून पुढे सरकतो. येथे थांबावे. आठ आणि सोळा हे आकडे चार माणसांत सारखे वाटले जातात. दोन कॉफी आणि दोन दूध म्हणजे दोन प्रौढ आणि दोन मुले. घरात कोण राहत होते हे लेखकाने अजून सांगितलेले नाही, तरी न्याहारीच्या ताटाने ते सांगून टाकले आहे. थोड्याच ओळींत ती अंडी सुकतात, पाव दगडासारखा होतो आणि यंत्र सारे खरवडून मोरीत टाकते. पुढे जेव्हा घराच्या पश्चिमेकडील भिंतीचे वर्णन येते, तेव्हा ज्याने न्याहारी मोजली आहे त्याला ती भिंत काय दाखवणार हे कळलेले असते, आणि म्हणूनच ते दाखवले जाणे सहन करणे अधिक कठीण होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा येथे बँकेच्या दगडी पायऱ्यांवर एका माणसाची सावली उमटून राहिली होती. ती पायरी आज तेथील शांती स्मारक संग्रहालयात ठेवलेली आहे. ब्रॅडबरी यांच्या भिंतीमागे ही हकीकत उभी आहे, हे वाचताना लक्षात असू द्यावे.

त्याच पहिल्या पानावर छतातील आवाज दिवसाची तारीख सांगतो, एकाचा वाढदिवस असल्याची आठवण करतो, कोणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस सांगतो, आणि मग विम्याचा हप्ता, पाणी, गॅस आणि दिवे यांची बिले भरायची असल्याचे कळवतो. ही यादी तिसऱ्या स्तंभात जाते. बिल घेणारा नाही, भरणारा नाही, आठवण करणारा तेवढा राहिला आहे. संपूर्ण कथेत एकही जिवंत माणूस नाही, आणि तरीही ती माणसांविषयीच आहे, हे या तिसऱ्या स्तंभामुळे उमगते.

संध्याकाळी हे घर मालकिणीच्या आवडीची एक कविता वाचून दाखवते. ती सारा टीसडेल या कवयित्रीची असून १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रसिद्ध झाली. कथेचे नावही तीतूनच घेतले आहे. माणूस नाहीसा झाला तरी वसंताला त्याची खबरही लागणार नाही, असे ती कविता म्हणते. तुमच्या तीन स्तंभांपैकी कविता कोणत्या स्तंभात टाकावी, याचे उत्तर मी देत नाही. त्यावर वाचकांचे मतभेद होतात आणि ते होऊ द्यावेत.

लायबर यांच्या कथेत हाच अभ्यास उलट दिशेने करावा लागतो. एका काळ्या ताऱ्याने पृथ्वीला सूर्यापासून ओढून नेले आहे, हवा गोठून बर्फासारखी जमिनीवर पडली आहे, आणि गोधड्या-चादरींच्या थरांनी वेढलेल्या एका खोलीत एक कुटुंब राहते. तेथे जवळजवळ सर्व काही दुसऱ्या स्तंभात आहे, म्हणून पहिला स्तंभ जपून भरावा: विस्तव, त्याच्यावर पाळीपाळीने राखलेली नजर, बादलीतून आणलेली हवा आणि वडिलांनी पुन्हा पुन्हा सांगितलेली गोष्ट. विस्तव राखणे आणि गोष्ट सांगणे ही दोन्ही कामे त्या घरात सारख्याच निष्ठेने केली जातात, हे यादी पाहिल्याशिवाय सहज ध्यानात येत नाही.

६. सांगणाऱ्याला काय माहीत नाही, ते शोधा

अंतानंतरच्या कथेत निवेदकाचे अज्ञान हे लेखकाचे मुख्य साधन असते. बेने यांचा निवेदक एका टोळीच्या पुरोहिताचा मुलगा आहे. निषिद्ध मानलेल्या ‘देवांच्या ठिकाणी’ तो एकटा जातो, तेथे त्याला एका माणसाचा पांढरा दगडी पुतळा दिसतो आणि त्यावरील फुटक्या अक्षरांत ‘अॅशिंग’ (ASHING) एवढेच वाचता येते. त्याला वाटते हा कोणी देव असावा. तुम्ही मात्र तुटलेली अक्षरे क्षणात भरून काढता. निवेदकाला कमी माहीत आहे आणि तुम्हाला अधिक, या अंतरात कथा राहते. दर वेळी स्वतःला विचारावे: येथे त्याला काय दिसते आहे आणि मला काय कळते आहे? शहराचे नाव शोधण्यासाठी नकाशा हाताशी ठेवा आणि नदीच्या नावाकडे लक्ष द्या. मी ते सांगून तो आनंद हिरावून घेणार नाही.

जॅक लंडन यांच्या कथेत अंतर उलट आहे. तेथील म्हातारा पूर्वी इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक होता. त्याला सारे माहीत आहे, पण ऐकणाऱ्या मुलांकडे त्याचे शब्द झेलायला मनात जागाच नाही. मोठी संख्या सांगायची म्हटले की त्याला वाळूतले खडे आणि शिंपले मांडून दाखवावे लागतात. एका मुलाजवळ २०१२ सालचे नाणे असते. म्हाताऱ्यासाठी ते एक संपूर्ण कालखंड आहे, मुलांसाठी चकाकणारी वस्तू. या प्रसंगावर घाईने पुढे जाऊ नये.

७. जुन्या जगातले काय मेलेले नाही, ते पाहा

आता डू बॉइस आणि बटलर एकत्र. ‘द कॉमेट’ ही कथा ‘डार्कवॉटर’ या १९२० च्या पुस्तकात आहे. १९१० मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतून पृथ्वी जाणार म्हणून विषारी वायूची मोठी भीती पसरली होती, त्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. कथेत न्यूयॉर्कमधील एका बँकेचा कृष्णवर्णीय निरोप्या, जिम, तळघरातील तिजोरीत पाठवला जातो. तो वर येतो तेव्हा धूमकेतूच्या वायूने शहर मरून पडलेले असते. भूक लागल्यावर तो एका महागड्या उपाहारगृहात शिरतो, अन्न घेतो आणि पुटपुटतो की काल त्यांनी आपल्याला येथे वाढले नसते. सारे शहर मेल्यावरही ‘काल’ त्याच्याबरोबर टेबलावर बसलेला आहे. पुढे त्याला एक श्रीमंत गौरवर्णीय स्त्री भेटते, आणि मग कथा वाचताना एकच गोष्ट मोजत राहावी: त्या दोघांच्या बोलण्यातून वर्ण नेमका कोणत्या ओळीत नाहीसा होतो आणि कोणत्या ओळीत परत येतो.

बटलर यांच्या ‘स्पीच साउंड्स’मध्ये एका आजाराने माणसांची भाषा हिरावली आहे: कोणाचे बोलणे गेले आहे, कोणाचे वाचणे, कोणाचे दोन्ही. या कथेला १९८४ साली सर्वोत्कृष्ट लघुकथेचा ह्युगो पुरस्कार, म्हणजे विज्ञानकथांसाठीचा मानाचा पुरस्कार, मिळाला. ती लॉस एंजेलिसमधील एका बसमध्ये सुरू होते, आणि दोन प्रवाशांचे भांडण शब्दांविना हावभावांतून कसे पेटते हे लेखिकेने जवळून दाखवले आहे. नावे उच्चारता येत नाहीत म्हणून लोक ओळखीची वस्तू जवळ बाळगतात. नायिकेकडे गव्हाच्या लोंबीच्या आकाराची पिन आहे. तिला भेटलेला पुरुष गळ्यातील काळा दगड दाखवतो आणि ती मनाशी त्याचे नाव ऑब्सिडियन (ज्वालामुखीतून तयार होणारी काळी काच) असे ठरवते. तिला बोलता येते, त्याला वाचता येते. नायिका पूर्वी विद्यापीठात इतिहास शिकवत होती. आपल्या घरातली पुस्तके आपल्याला वाचता येत नाहीत आणि या माणसाला येतील, हे कळताच तिच्या मनात उसळणारा मत्सर इतका तीव्र आहे की तिला स्वतःचीच भीती वाटते. ही दोन-तीन वाक्ये मी या प्रकारातील सर्वांत प्रामाणिक लेखनात गणतो. डू बॉइस यांच्याकडे टिकून राहिलेला भेद जुना आहे, बटलर यांच्याकडे संकटाने तो नवा घडवला आहे. लागोपाठ वाचल्यावर दोन्ही कथा एकमेकींवर उजेड टाकतात.

८. विज्ञान किती तपासावे

थोडेसे, आणि दुसऱ्या वाचनाच्या वेळी. लायबर यांच्या कथेत गोठलेल्या हवेचे थर आहेत: तळाशी पाण्याचे बर्फ, त्यावर कार्बन डायऑक्साइड, मग नायट्रोजन आणि वर फिकट निळा ऑक्सिजन. गोठणबिंदू पाहिले तर हा क्रम जुळतो. पाणी ० अंशांना गोठते, कार्बन डायऑक्साइड उणे ७८ अंशांच्या आसपास घन होतो, नायट्रोजन उणे २१० आणि ऑक्सिजन उणे २१८ अंश सेल्सिअसच्या आसपास. चिकित्सक वाचक म्हणेल की गोठण्यापूर्वी द्रव होताना क्रम उलटतो, कारण ऑक्सिजन उणे १८३ अंशांना द्रव होतो आणि नायट्रोजन उणे १९६ ला, तेव्हा थर इतके स्वच्छ पडणार नाहीत. आक्षेप खरा आहे आणि तो काढून पाहण्यात मजाही आहे, पण त्याने कथा ढासळत नाही. कारण त्या मुलाला वरचा थर खरवडून बादलीत भरायचा आहे, आणि कथेचे सारे लक्ष त्या बादलीवर आहे.

जेथे लेखकाने वस्तूंच्या टिकाऊपणावर कथानक उभे केले असेल तेथे मात्र तपासणी उपयोगी पडते. साठवलेले पेट्रोल काही महिन्यांत खराब होऊ लागते, त्यामुळे संकटानंतर अनेक वर्षांनी जुन्या टाकीतील पेट्रोलवर सहज गाडी धावत असेल, तर लेखक घाईत आहे असे समजावे.

९. नेहमीचे सापळे

पहिला सापळा कारणाच्या शोधाचा. तो वर आलाच आहे, तरी तो सर्वांत चिवट असल्याने पुन्हा सांगतो: लेखकाने कारण एका वाक्यात उरकले असेल तर तुम्हीही एका वाक्यात उरकावे.

दुसरा सापळा भविष्यवाणीचा. फॉर्स्टर यांच्या १९०९ सालच्या कथेत माणसे जमिनीखाली एकेका षटकोनी खोलीत राहतात, पडद्यावरून बोलतात, प्रत्यक्ष भेट टाळतात आणि साऱ्या गरजा यंत्र भागवते. ‘किती अचूक ओळखले होते!’ असे म्हणून वाचक खूश होतो आणि तेथेच थांबतो. त्या कथेत आई आणि मुलगा आहेत, मुलाला आईने प्रत्यक्ष यावे असे वाटते आहे, आणि तिला प्रवासाचा तिटकारा आहे. अचूक ठरलेल्या यंत्रांची यादी करताना हे दोघे निसटता कामा नयेत.

तिसरा सापळा वाचलेल्या माणसाला नायक मानण्याचा. जो जगला तो शूर किंवा शहाणा होता म्हणूनच जगला, असे या कथा क्वचितच म्हणतात. जिम वाचतो कारण त्याला इतरांना नको असलेल्या कामासाठी तळघरात धाडले गेले.

चौथा सापळा चित्रपटांतून आलेल्या अपेक्षांचा. टोळ्या, बंदुका, धावाधाव हे सर्व काही कथांत असते, बहुतेक चांगल्या लघुकथांत नसते. ते आले नाही म्हणून कथा मंद आहे असे ठरवू नये.

पाचवा सापळा एका दमात अनेक कथा वाचण्याचा, आणि याबाबत मी आग्रही आहे. लागोपाठ चार-पाच कथा वाचल्या की सारी ओसाड शहरे एकमेकांत मिसळतात आणि मनावर मळभ येते, ज्याचा दोष मग कथांना दिला जातो. दोन कथांच्या मध्ये निदान दोन दिवस जाऊ द्यावेत. जवळच्या माणसाच्या मृत्यूचे किंवा आजारपणाचे दिवस चालू असतील तर साथीच्या कथा बाजूला ठेवाव्यात. त्या नंतरही वाचता येतील.

१०. दुसरे वाचन आणि पुढची वाट

पहिल्या वाचनानंतर वही मिटून दोन दिवसांनी फक्त पहिला परिच्छेद पुन्हा वाचावा. या प्रकारच्या कथेत पहिला परिच्छेद दुसऱ्यांदा वाचताना जवळजवळ वेगळाच दिसतो, कारण आता ‘चालू’ वाटलेल्या किती गोष्टी तिसऱ्या स्तंभातील होत्या हे तुम्हाला ठाऊक असते. त्यानंतर संपूर्ण कथा पुन्हा वाचायची की नाही, हे ठरवावे. सर्व कथा दुसऱ्या वाचनाच्या योग्यतेच्या नसतात आणि तसे वाटल्यास निःसंकोच पुढे जावे.

आठही कथा वाचून झाल्यावर कादंबरीकडे वळायचे असेल तर मेरी शेली यांची ‘द लास्ट मॅन’ (१८२६) ही जुनी आणि संथ कादंबरी घ्यावी. एप्रिल १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच्या राखेमुळे १८१६ हे वर्ष युरोपात उन्हाळ्याविना गेले. त्या थंड, अंधाऱ्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी राहिलेल्या लेखकांमध्ये मेरी शेली होत्या. कादंबरी वाचताना तीन सालांची नोंद आणि तीन स्तंभ हीच पद्धत चालेल, फक्त स्तंभ प्रत्येक प्रकरणासाठी नव्याने आखावे लागतील, कारण तेथे जग एका फटक्यात न संपता प्रकरणामागून प्रकरण रिकामे होत जाते.